पौर्णिमेचा भाव

गेल्या वर्षी दत्तजयंती ४ डिसेंबरला आली आणि वार नेमका गुरुवार होता. पौर्णिमा, गुरुवार आणि दत्तजन्म असा तिहेरी योग जुळल्यावर गाणगापुरात पाय ठेवायला जागा उरणार नाही, हे सांगायला कुणा ज्योतिषाची गरज नव्हती. यंदा अधिक ज्येष्ठामुळे तिथ्या पुढे सरकल्या आणि दत्तजयंती २३ डिसेंबरला, बुधवारी, येते आहे. तिच्या पाठोपाठ गुरुवार, शुक्रवारी नाताळ, मग शनिवार-रविवार. म्हणजे गर्दीचे सलग पाच दिवस. गाणगापूरपासून शंभरेक किलोमीटरवरच्या सोलापुरात निघणाऱ्या दाते पंचांगात ही तारीख केव्हाच छापून आली आहे, आणि पुढच्या दहा वर्षांच्या तारखाही गणिताने काढता येतात. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत कोल्डप्लेचे कार्यक्रम ठरले तेव्हा आसपासच्या हॉटेलांचे भाव रातोरात चढले. तिथे निदान मागणीच अवचित आली असे म्हणता येईल. गाणगापूरची मागणी कधीच अवचित येत नाही. तरीही तिथे जाणाऱ्या मराठी माणसाची जुनी तक्रार कायम आहे: फोनवर एक भाव सांगितला, दारात पोचल्यावर दुसरा निघाला. आता फोनच्या जागी ॲप आले, तर यादीत एक आकडा आणि पैसे भरायच्या पानावर दुसरा. गर्दीच्या दिवशी खोली महाग झाली, याला माझा आक्षेप नाही. माणूस पुरता अडकल्यावर तो भाव त्याला कळतो, याला आहे.

अडकणे हा शब्द इथे जपून वापरला आहे. गाणगापूर कलबुर्गी जिल्ह्याच्या अफजलपूर तालुक्यात, भीमा आणि अमरजा यांच्या संगमाजवळ आहे. गाव १९४८ पर्यंत निजामाच्या मुलखात होते, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. पण मराठी भाविकांनी ही सीमा कधी फारशी मनावर घेतली नाही. त्यांना इथे आणणारा ‘गुरुचरित्र’ हा ग्रंथ मराठीत लिहिणाऱ्या सरस्वती गंगाधरांची मातृभाषा कन्नड मानली जाते, तेव्हा या गावाचा दुभाषेपणा तसा मुळातलाच. मुंबई-पुण्याहून रेल्वेने येणारा ‘गाणगापूर रोड’ स्थानकावर उतरतो आणि देऊळ तिथून वीसेक किलोमीटरवर असते. पहाटेची काकडआरती, संगमावरचे स्नान, दुपारची माधुकरी, संध्याकाळनंतरची पालखी असा क्षेत्रातला दिवस असतो. तो पुरा करायचा तर एक रात्र मुक्काम पडतोच. बरोबर म्हातारी माणसे, कुणाच्या घरी आजारपण, कुणाचा नवस. रात्री नऊला ‘हा भाव परवडत नाही’ म्हणून परत फिरावे, तर फिरायचे कुठे? कलबुर्गी किंवा अक्कलकोट गाठायचे म्हणजे पुन्हा गाडी आणि पुन्हा दोन तास. शहरात एका हॉटेलाने भाव वाढवला की गिऱ्हाईक शेजारच्या हॉटेलात जाते. इथे ती सोय नाही, आणि हे खोली देणाऱ्याला व घेणाऱ्याला सारखेच ठाऊक असते.

उतरायच्या जागा इथे अनेक तऱ्हेच्या आहेत: पुजाऱ्यांची घरे, मठ, धर्मशाळा, भक्तनिवासे, लॉज, आणि अलीकडे नेटवर दिसणाऱ्या चार-दोन खोल्यांच्या इमारती. प्रत्येक ठिकाणी भाव वेगळ्या वाटेने बदलतो. लॉजवर तो उघड बदलतो. ‘तो साध्या दिवसाचा रेट होता, आज पौर्णिमा आहे’ एवढे ऐकवले की विषय संपतो. दुसरी वाट जोडखर्चाची. खोली सांगितलेल्या भावातच मिळते, पण ज्यादा गादीचे वेगळे, गरम पाण्याच्या बादलीचे वेगळे, आणि ‘चोवीस तास’ समजून दुपारी दोनला आलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी सकाळी कळते की खोली दहालाच सोडायची आहे, नाहीतर अर्ध्या दिवसाचे भाडे पडेल. तिसरी वाट सर्वांत जुनी आणि बोलायला अवघड. यजमानपणाच्या नात्याने पुजाऱ्यांच्या घरी उतरणाऱ्याला खोलीचा भाव कुणी सांगत नाही आणि तोही विचारत नाही. ‘महाराज, किती द्यायचे?’ या प्रश्नाला ‘तुमच्या इच्छेने द्या’ हे उत्तर असते. मुक्काम, जेवण, अभिषेक, नैवेद्य असे सगळे एका दक्षिणेत बसते. ही पद्धत मुळात वाईट नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीत ती निभावली आहे, गरिबाला तिने आसराही दिला आहे. अडचण येते ती ओळख नसलेला माणूस त्याच दारात उभा राहतो तेव्हा. ‘इच्छेने’ या शब्दाचा अर्थ त्याला माहीत नसतो आणि तो निघण्याच्या वेळी उलगडतो.

ॲपवरची वाट नवी दिसते, पण चालायला तितकीच निसरडी आहे. शोधायच्या पानावर शेकडो खोल्यांचे भाव क्षणात दाखवायचे म्हणून बरीच संकेतस्थळे आधी साठवून ठेवलेले आकडे दाखवतात. खोलीवर बोट ठेवले की मग मालकाच्या नोंदीतला ताजा भाव विचारला जातो. दोन्हींमध्ये काही तासांचे अंतर पडले तर आकडा बदलतो. यात लबाडी असेलच असे नाही, पण बदल नेहमी चढाच का असतो, असे गिऱ्हाइकाला वाटले तर त्याचे काय चुकले? त्यानंतर चढत जाते ते सफाईचे शुल्क, सेवाशुल्क, जादा माणसाचे, आणि शेवटी जीएसटी. तिसरा प्रकार खऱ्याखुऱ्या भाववाढीचा. मागणी पाहून रोजचा भाव आपोआप ठरवणारे साधन एअरबीएनबीने आपल्या यजमानांना २०१५ मध्ये दिले. आता तशी साधने लहानसहान लॉजवाल्यालाही मिळतात. त्यात एक गंमत आहे. ही यंत्रे बहुधा गेल्या वर्षीची तीच इंग्रजी तारीख पाहून अंदाज बांधतात. ४ डिसेंबरला झालेली गर्दी यंदा ४ डिसेंबरला नसेल, एकोणीस दिवस पुढे असेल, हे पंचांग न शिकवलेल्या यंत्राला कळायचे नाही. मग आधी स्वस्तात खोल्या सुटतात, बुकिंगचा लोंढा आला की यंत्र जागे होते, आणि मालकाला वाटते आपण फसलो. चौथा आणि सर्वांत वाईट प्रकार इथूनच सुरू होतो: ‘काही कारणाने’ झालेले बुकिंग रद्द करायचे आणि तीच खोली चढ्या भावाने पुन्हा मांडायची.

या साऱ्या शास्त्राचा उगम विमानांत आहे. अमेरिकेने १९७८ मध्ये विमानभाड्यांवरचे सरकारी नियंत्रण काढले. १९८१ मध्ये सुरू झालेल्या पीपल एक्स्प्रेस या स्वस्त कंपनीने जुन्या कंपन्यांचे प्रवासी पळवायला सुरुवात केली, तेव्हा रॉबर्ट क्रँडल यांच्या अमेरिकन एअरलाइन्सने जानेवारी १९८५ मध्ये तोड काढली: लवकर पैसे भरणाऱ्याला अगदी स्वस्त जागा, आयत्या वेळी येणाऱ्याला महाग, आणि कुठल्या विमानात स्वस्त जागा किती ठेवायच्या हे संगणक ठरवणार. पीपल एक्स्प्रेस दोन वर्षांत गारद झाली आणि ‘यील्ड मॅनेजमेंट’ हा शब्द हॉटेलधंद्यानेही उचलला. रिकामी गेलेली विमानातली जागा आणि रिकामी गेलेली खोलीची रात्र, दोन्ही दुसऱ्या दिवशी विकता येत नाहीत. म्हणून तर्क दोन्हींना लागू पडतो. पण या तर्काचा अर्धा भाग आपल्याकडे येताना वाटेत सांडला. विमानाचे भाडे तिकीट काढेपर्यंत कितीही हलो, तिकीट काढल्यावर हलत नाही. विमानतळाच्या दारात कुणी ‘आज गर्दी आहे, अजून दोन हजार काढा’ म्हणत नाही. लवकर ठरवणाऱ्याला स्वस्ताईचे बक्षीस, हा त्या व्यवस्थेचा पायाच आहे. गाणगापुरात सप्टेंबरमध्ये फोन करून ॲडव्हान्स पाठवणाऱ्याला आणि दत्तजयंतीच्या रात्री दारात उभे राहणाऱ्याला एकच भाव लागत असेल, तर त्या वाढीला विमानधंद्याचे शास्त्र म्हणू नये.

अर्थशास्त्राचा पक्का माणूस यावर म्हणेल की भाव वाढलाच नाही तर खोल्या आधी येणाऱ्यांनी बळकावल्या असत्या. वाढला म्हणून ज्याला खरी गरज आहे त्याला मिळाली. याचे एक उत्तर सर्वांना माहीत आहे: गरज आणि ऐपत एक नव्हेत. दुसरे उत्तर जास्त मोलाचे आहे. डॅनियल कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत कॅनडातल्या लोकांना विचारले होते, की मोठ्या हिमवादळाच्या दुसऱ्या सकाळी दुकानदाराने बर्फ काढायच्या फावड्याची किंमत १५ डॉलरवरून २० केली तर ते रास्त की अन्यायाचे? ८२ टक्क्यांनी अन्यायाचे म्हटले. त्यानंतर अर्थशास्त्रज्ञ चाळीस वर्षे या उत्तराशी भांडत आहेत, आणि दुकानदाराच्या बाजूने बोलण्यासारखे खरोखरच आहे: वादळ त्यालाही आधी ठाऊक नव्हते, साठा तेवढाच होता. आता फावड्याच्या जागी खोली ठेवा आणि वादळाच्या जागी पौर्णिमा. दुकानदाराच्या बाजूचा हा मुद्दाच गळून पडतो. वादळाची तारीख वर्षभर आधी भिंतीवरच्या कालनिर्णयात छापलेली आहे. ‘मागणी अचानक वाढली’ हे कारण गाणगापुरात कुणालाच देता येत नाही. अचानक असतो तो फक्त भाव सांगण्याचा क्षण, आणि तो सांगणाऱ्याच्या हातात असतो.

मालकाची बाजू याहून भक्कम आहे आणि ती नीट ऐकली पाहिजे. वर्षाचे ५२ गुरुवार, बारा-तेरा पौर्णिमा, दत्तजयंती, माघ वद्य प्रतिपदेची गुरुप्रतिपदा आणि सुट्ट्यांचे काही दिवस. गुरुवार आणि पौर्णिमा कधी एकत्र येतात. प्रत्येक योगाला दोन रात्री धरल्या तरी भरगच्च रात्री सव्वाशे-दीडशेच्या पुढे जात नाहीत. उरलेल्या दोनशेहून अधिक रात्री निम्म्या खोल्या मोकळ्या, पण कर्जाचा हप्ता, वीजबिल आणि पोरांचा पगार तीनशे पासष्ट दिवसांचा. धरून चला की एका खोलीचा रोजचा खर्च ४०० रुपये पडतो. वर्षाचे झाले १,४६,०००. भरलेल्या दीडशे रात्रींतच तो काढायचा म्हटले, तर नफा सोडून खोली जवळपास हजाराला द्यावी लागेल. मार्गशीर्षात भाव दुप्पट-तिप्पट होतो त्यामागे हे गणित आहे, सगळा लोभ नाही. मला हे मान्य आहे. पण हे गणित वाढीव भावाचे समर्थन करते; तो लपवण्याचे करत नाही. उलट ज्याचा खर्च इतका ठरलेला आणि गिऱ्हाइकांचे दिवस इतके माहीत, त्याला वर्षाच्या सुरुवातीलाच तीन प्रकारच्या दिवसांचे तीन भाव लिहून टाकता येतील. साधा दिवस, गुरुवार-पौर्णिमा, दत्तजयंती. ज्या व्यवसायाला हे सहज जमण्यासारखे आहे, तिथेच ते होत नाही.

याचा सर्वांत मोठा फटका पारायणाला येणाऱ्यांना बसतो. दत्तजयंतीला समाप्ती येईल असा गुरुचरित्राचा सात दिवसांचा सप्ताह करायचा, हा अनेक घरांचा नेम. म्हणजे पहिले पाच दिवस साध्या भावाचे आणि शेवटचे दोन सणाच्या. पारायण मध्ये सोडता येत नाही, सोडण्याची कुणाची मानसिक तयारीही नसते. चौथ्या-पाचव्या दिवशी ‘उद्यापासून रेट बदलतो’ असे कानावर आले, तर त्या माणसाला घासाघीस करायचे बळ कुठले? विमानाच्या प्रवाशाला निदान विमानात बसण्यापूर्वी नकार देता येतो. इथे माणूस अर्ध्या प्रवासात आहे. ॲपवर याचीच दुसरी तऱ्हा दिसते: सात रात्रींची सरासरी काढून ‘प्रतिरात्र’ आकडा दाखवला जातो, आणि एक रात्र कमी-जास्त केली की सगळाच आकडा हलतो. कुठली रात्र कितीची, हे शोधायला वहीत मांडणी करावी लागते.

आता उलट बाजूने येणारा आक्षेप. पुष्कळ भाविकांना हे तीन भावांचे बोलणेच रुचणार नाही. ज्या गावात लखपतीही दुपारी झोळी घेऊन पाच घरी माधुकरी मागतो, कारण त्या वेळी दत्तगुरू स्वतः भिक्षेला येतात अशी श्रद्धा आहे, त्या गावात निवाऱ्याचा बाजारभाव कसला? सगळीकडे एकच, बारमाही, सरकारने ठरवलेला दर हवा. भावना समजते, उपाय पटत नाही. तो करून पाहिलेला आहे. मुंबई राज्याने १९४७ मध्ये जो भाडेनियंत्रण कायदा केला त्याच्या नावातच घरभाड्याबरोबर हॉटेल आणि लॉजिंग हाउसचे दर होते. नियंत्रकाने रास्त दर ठरवायचा आणि मालकाने त्यापेक्षा जास्त घ्यायचे नाहीत. गाणगापूर तेव्हा निजामाकडे असल्याने त्याच्या कक्षेत नव्हते. पुढे महाराष्ट्राने १९९९ चा नवा भाडेनियंत्रण कायदा केला तेव्हा हॉटेल आणि लॉजिंग हाउस हे शब्द नावातून गेले, आणि त्यांच्यासाठी कुणी डोळे पुसल्याचे ऐकिवात नाही. दर बांधला की खोली पैशाऐवजी ओळखीवर मिळू लागते. स्वस्त ठरावीक दराच्या भक्तनिवासांत गर्दीच्या दिवशी आमदारांच्या शिफारशीची चिठ्ठी किती चालते, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही मोठ्या देवस्थानाच्या खिडकीवर उभे राहिलेल्याला विचारावे. शिवाय बांधलेला दर दुसऱ्या नावाने फुटून बाहेर येतो. धार्मिक न्यासाच्या आवारातली खोली दिवसाला हजार रुपयांच्या आत असेल तर जीएसटीतून सूट आहे, हजार झाले की नाही. अशी रेघ आखली की भाडे रेघेच्या आत ठेवायचे आणि उरलेले ‘देणगी’ म्हणून घ्यायचे, असा मोह व्यवस्थाच निर्माण करते.

मग दोन टोकांच्या मध्ये काही आहे का? आहे, आणि ते आपल्या एसटीने वर्षानुवर्षे करून दाखवले आहे. दिवाळीच्या हंगामात एसटी दहा टक्के भाडेवाढ करायची. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, असे आधी पत्रक काढून. लोक कुरकुरत, वर्तमानपत्रे अग्रलेख लिहीत, अलीकडे तर मंत्र्यांनी ती वाढ रद्दही केली. पण ‘कंडक्टरने बसमध्ये बसल्यावर वेगळे भाडे सांगितले’ अशी तक्रार कुणी केली नाही. खासगी बसगाड्यांसाठी २७ एप्रिल २०१८ च्या शासन निर्णयाने एसटीच्या दीडपट ही कमाल मर्यादा घातली. तिचे पालन कितपत होते, हे गणपतीत कोकणात जाणारा सांगेल. मर्यादा कागदावर राहिली, कारण बसच्या दारावर भाड्याचा तक्ता नव्हता. रेल्वेने ९ सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, दुरांतो, शताब्दीला चढते भाडे लावले: दर दहा टक्के जागा विकल्या की भाडे दहा टक्क्यांनी वर, दीडपटीपर्यंत. ते अप्रिय ठरले, २०१८ च्या अखेरीस मर्यादा १.४ वर आणावी लागली, काही गाड्यांतून ते काढूनच टाकले. तरी नियम काय आहे हे कुणालाही वाचता येत होते, आणि तिकीट हातात पडल्यावर प्रश्न मिटत होता. याहून जुने उदाहरण हवे तर १८६७ चा सराई कायदा पाहा. उतारूंच्या सराया चालवणाऱ्यांवर त्याने स्वच्छता, दुरुस्ती, पहारेकरी यांच्या जबाबदाऱ्या टाकल्या आणि एक कलम असे घातले की मॅजिस्ट्रेट सांगेल त्या जागी, त्या नमुन्यात आणि त्या भाषांत आकाराची यादी लावायची. भाव किती असावा याबद्दल त्या कलमात अवाक्षर नाही. तो भिंतीवर दिसला पाहिजे, एवढेच. ‘भाषांत’ हे अनेकवचन मला विशेष आवडते. गाणगापुरात तो तक्ता कन्नडमध्ये हवाच, आणि मराठीतही हवा.

इथे एक चलाख आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. भाव जाहीर केले की स्पर्धा वाढण्याऐवजी विक्रेत्यांची एकी होते. डेन्मार्कमध्ये १९९३ मध्ये तयार काँक्रीटचे प्रत्यक्ष व्यवहारातले भाव सरकारी स्पर्धा यंत्रणेने छापायला सुरुवात केली. हेतू गिऱ्हाइकाच्या भल्याचा होता, पण वर्षभरात भाव पंधरा-वीस टक्के चढले, कारण कोण कुणाला सवलत देतो हे प्रत्येक कारखानदाराला दिसू लागले. मग गाणगापुरात तक्ते लागले तर सगळे लॉज मिळून दत्तजयंतीचा एकच चढा भाव ठरवणार नाहीत कशावरून? ठरवतीलही. पण डेन्मार्कच्या कारखानदारांना एकमेकांचे भाव आधी माहीत नव्हते. गाणगापूर हे गाव आहे. शेजारच्या लॉजने काल काय घेतले हे समोरच्या चहावाल्याला ठाऊक असते. विकणाऱ्यांमध्ये लपवाछपवी नाहीच. अंधारात आहे तो नाशिकहून, पुण्याहून, हैदराबादहून येणारा एकटा भाविक. तक्त्याने जी माहिती मिळायची ती त्यालाच मिळणार. आणि बिदर जिल्ह्यातल्या माणिकनगरला याच पंधरवड्यात माणिकप्रभूंचा उत्सव असतो, अक्कलकोट वाटेवर आहे. भाव महिनाभर आधी कळला तर भाविक आपल्या यात्रेचा क्रम बदलू शकतो, मुक्काम अक्कलकोटला ठेवून गाणगापूर एका दिवसात करू शकतो. रात्री नऊला कळलेल्या भावाचा असा काही उपयोग नाही.

कायदा या बाबतीत आपण समजतो त्याहून पुढे गेला आहे. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ‘डार्क पॅटर्न’विषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. ऑनलाइन गिऱ्हाइकाला चकवायच्या तेरा युक्त्यांची त्यात यादी आहे, आणि ‘ड्रिप प्रायसिंग’ म्हणजे थेंबाथेंबाने भाव उघड करणे ही त्यातली एक. किमतीचा काही भाग आधी न दाखवणे आणि पैसे भरताना सांगितल्यापेक्षा जास्त आकारणे, दोन्ही तिच्यात येतात. अमेरिकेत सुट्टीची घरे आणि हॉटेलांना सर्व सक्तीच्या शुल्कांसह एकूण भाव आधी दाखवायला लावणारा नियम १२ मे २०२५ पासून लागू झाला. त्याच वसंतात एअरबीएनबीने जगभर एकूण किंमत दाखवायला सुरुवात केली. यंत्रणेला हे कधीच अशक्य नव्हते, एवढे यावरून दिसते. आपल्या तत्त्वांत मात्र एक पळवाट आहे: तिसऱ्या विक्रेत्याने भाव बदलला तर मंचाला त्याबद्दल जबाबदार धरले जात नाही. गाणगापूरच्या खोलीचा मालक हा नेमका असा तिसरा विक्रेता. आणि जिथे ॲपच नाही, सगळा व्यवहार व्हॉट्सॲपवर आणि फोनवर, तिथे ही तत्त्वे पोचतच नाहीत. तिथे १८७२ चा करार कायदा आणि २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा उरतो. नुसता भाव सांगणे म्हणजे करार नव्हे. पण भाव, तारीख आणि ॲडव्हान्स पोचल्याची कबुली यांचा एक मेसेज असला तर बहुधा करार झाला. २०१९ च्या कायद्याने आणखी एक सोय केली आहे जी यात्रेकरूंना फारशी माहीत नाही: तक्रार लॉजच्या गावी जाऊन करावी लागत नाही, स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो.

दोष एका बाजूला घालून हा विषय संपत नाही. गाणगापूरला निघालेला आपला माणूस तीन ठिकाणी खोली सांगून ठेवतो, ॲडव्हान्स मागितला की ‘आम्ही दरवर्षी येतो हो’ म्हणतो, आणि आयत्या वेळी चौथीकडे उतरतो. उरलेल्या तिघांना फोनही करत नाही. दत्तजयंतीच्या रात्री अशी एक खोली रात्री अकरापर्यंत अडून राहिली तर मालकाचे काय जाते, ते वरच्या गणितावरून काढता येईल. फोनवरच्या शब्दाला मालक किंमत देत नाही, कारण त्याचा अनुभव सांगतो की समोरचाही देत नाही. तेव्हा बांधलेला भाव हवा असेल तर बांधलेला यात्रेकरूही हवा: ॲडव्हान्स भरायचा, अमुक तारखेनंतर रद्द केल्यास तो बुडणार हे मान्य करायचे, आणि तक्रार न करता बुडू द्यायचा. शब्द मोडल्याबद्दल पैसे बुडायला आपण तयार नसू, तर मालकाने शब्द मोडला म्हणून ओरडायचा अधिकार थोडा कमी होतो. खोटी संकेतस्थळे हा याच अविश्वासावर पोसलेला तिसरा पक्ष. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबर विभागाने एप्रिल २०२५ मध्ये तीर्थस्थळांच्या खोल्या आणि गाड्यांच्या बनावट बुकिंगबद्दल जाहीर इशारा दिला, तो यासाठीच. खरा भाव कुठेच लिहिलेला नसला की खोटा भाव ओळखायचा कसा?

गाणगापूरचे दत्त देवस्थान कर्नाटक सरकारच्या धर्मादाय खात्याखाली आहे, तेव्हा सुरुवात करायला जागा आणि अधिकार दोन्ही तिथे आहेत. प्रत्येक लॉजने आणि खोली भाड्याने देणाऱ्या प्रत्येक घराने पाडव्याला वर्षाचे तीन भाव ठरवून द्यावेत. आकडा कितीही असो, सरकारने त्यात पडू नये. ते सगळे आकडे देवळाच्या दाराशी आणि गाणगापूर रोड स्थानकावर कन्नड-मराठीत लागावेत. वर्षात वाढवायचे असतील तर एक महिन्याची सूचना. ॲडव्हान्स घेतला त्याला जुनाच भाव. दक्षिणेच्या घरांनी खोलीचे वेगळे आणि पूजेचे वेगळे सांगावे, आणि ज्यांना खरोखर काही घ्यायचे नाही त्यांनी ‘काही नाही’ असे लिहावे. यात कुणाचा एक रुपयाही कमी होत नाही.

तोपर्यंत वाचकाने आपल्यापुरते करावे. २०२७ ची दत्तजयंती सोमवारी, १३ डिसेंबरला आहे. त्या रात्रीचा भाव आजच विचारा, आणि उत्तर लिहून मागा.